दारावरचं कात्रण

तुळजाबाईंच्या पत्राला मी तीन आठवडे उत्तर दिलं नव्हतं. पत्र मांजरी गावाहून, वर्तमानपत्राच्या कचेरीमार्फत आलं होतं. मजकूर एवढाच: "आपण लेखात लिहिले आहे की फ्लॅशने रानपाखरांना काही होत नाही. आमच्या मोटारीच्या खोलीत घुबडाची चार पिल्ले आहेत. फोटोवाले येतात. फ्लॅश पडला की मादी उंदीर घेऊन तशीच परत फिरते. पिल्ले उपाशी राहतात. खरेच काही होत नाही ना, ते कळवावे."

वाक्य माझंच होतं. मी निवृत्त ग्रंथपाल. रविवारच्या पुरवणीत अधूनमधून पक्ष्यांवर लिहितो, पण पक्षी बहुतेक पुस्तकांतच पाहिलेले. ते वाक्यही एका पुस्तकातूनच उचललेलं. पत्र आल्यावर आणखी तीन पुस्तकं काढली. एक म्हणत होतं, डोळ्यांना कायमची इजा झाल्याचा पुरावा नाही. दुसरं म्हणत होतं, घुबडाला काही क्षण दिसेनासं होतं. तिसऱ्याच्या मते याबद्दल अजून पुरेसं माहीतच नाही. मी दोन उत्तरं लिहिली आणि दोन्ही फाडली. शेवटी मंगळवारी दुपारी विश्रांतवाडीहून दोन बस बदलून मांजरीला गेलो.

उसाच्या कडेला विहीर, विहिरीशेजारी पाण्याच्या मोटारीची खोली. पुढे खाटेवर एक बाई शेंगा निवडत होत्या.

"फोटूला आलाय व्हय, बाबा?"

"नाही. नुसतं बघायला."

नाव सांगायचं राहिलं. कारण तेवढ्यात मला खोलीचं दार दिसलं. त्यावर माझा लेख खळीनं चिकटवलेला, वर प्लॅस्टिक, आणि ते वाक्य लाल पेनानं अधोरेखित.

"हे कोणी लावलं?"

"फोटूवाल्यांनीच. म्या वरडाय लागले की बोट दावत्यात. लिवनाऱ्याला पत्र घातलं, त्याचं उत्तर नाय. पर बघूनच लिवलं असंल की त्यांनी."

त्यांनी चहा आणून दिला, तो मी प्यायलो.

उन्हं उतरल्यावर अभिनव नावाचा आयटीतला तरुण कॅमेरा लावून बसला. पांढरं घुबड उसावरून आलं, चोचीत उंदीर. फ्लॅश पडला. ते वळलं आणि लिंबाच्या फांदीवर जाऊन बसलं. आत पिल्लं फिसकारत होती.

"दम धर की जरा. तिला आत जाऊ दे," तुळजाबाई म्हणाल्या.

"अहो मावशी, तुमच्याच दारावर लिहिलंय, काही होत नाही. तज्ज्ञ आहेत ते. मी आपला साधा इंजिनिअर."

पुन्हा घुबड आलं, पुन्हा फ्लॅश, पुन्हा लिंब. मग तो बॅटरी बदलायला खाली वाकला आणि तेवढ्यात ते सरळ आत शिरलं. फ्लॅश नव्हता म्हणून, की तो खाली वाकला होता म्हणून, की आता भूक ऐकवेना म्हणून? मला ठरवता येईना. तोंड उघडून 'तो लेख माझाच' एवढं तरी बोलावं, असं तीनदा मनात आलं. तोवर शेवटच्या बसची वेळ झाली.

सकाळी लिहिलं. या वेळी फाडलं नाही.

"श्रीमती तुळजाबाई यांस, स. न. लेखातले ते वाक्य मी पुस्तकातून घेतले होते, पाहून लिहिले नव्हते. फ्लॅशने डोळ्यांना काय होते ते मला अजूनही ठाऊक नाही. मादी परत फिरते हे मात्र तुम्ही पाहिले आहे, आणि आता मीही. कात्रण काढून तिथे हे पत्र लावावे. पिल्ले उडून जाईपर्यंत कोणीही फ्लॅश मारू नये, असे लेखकाचेच म्हणणे आहे. मंगळवारी तुमच्याकडे चहा प्यायलेला म्हातारा तो मीच."

खाली पूर्ण नाव लिहून सही केली.

पोस्टात खिडकीपलीकडच्या बाईंना विचारलं, "मांजरीला आजच पोचेल का?"

"आजच पोचायला हवं असेल तर आपण स्वतःच घेऊन जा, आजोबा."

कालच जाऊन आलो होतो, हे त्यांना सांगितलं नाही. स्पीड पोस्टनं पाठवलं आणि पावती घेतली.