डोळे रंगवणारी

टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही, असं लोक म्हणतात. घाव घालणाऱ्याचं पुढे काय होतं, ते मात्र कुणी सांगत नाही.

आम्हा नवरा-बायकोचा धंदा लाकडी देव घडवण्याचा. पटाशी यांची, रंग माझा. नाक, कान, ओठ माझे हे कोरायचे आणि सगळ्यात शेवटी डोळे मी रंगवायचे. एका ओंडक्याचं अर्धं लाकूड मूर्तीला, उरलेलं शेगडीला. अर्ध्यापुढे लोक नाक घासायचे, अर्ध्यावर आम्ही चहा उकळायचो. त्यात काही वावगं आहे, असं कधी मनातही आलं नाही.

या थंडीत माणसाएवढ्या मूर्तीचं काम आलं. ते हातात घेतल्यापासून यांना ऐकू कमी येऊ लागलं. मी हसण्यावारी नेलं. बायकोचं ऐकू न येणं हा नवऱ्यांचा जुनाच आजार! मग बोलणं आटलं. काही विचारलं तर मख्ख. हात धरला तर लाकडाच्या सालीसारखा खरखरीत.

ज्या सकाळी मी मूर्तीचे डोळे रंगवले, त्या दिवशी कडाक्याचा गारठा होता. माझ्या तोंडातून वाफ निघत होती. यांच्या तोंडातून निघत नव्हती. मी आरसा त्यांच्या नाकाशी धरला. काच स्वच्छच राहिली. हे आपले पटाशी धरून उभे.

शेजारच्या शिंपीकाकांना हाताला धरून आणलं. ते ज्यू, घरात एक मूर्ती नाही की चित्र नाही. रोज हिब्रूत काहीतरी गुणगुणत मशीन चालवतात. त्यांनी आधी यांच्याकडे पाहिलं, मग मूर्तीकडे.

"आमच्या जुन्या स्तोत्रांत आहे हे," ते हळूच म्हणाले. "कान असून बहिरे, तोंड असून मुके, असे हे देव. आणि त्यांना घडवणारा त्यांच्यासारखाच होतो म्हणे. मला आपला तो टोमणा वाटायचा."

"काका, आता मी काय करू?"

"श्वास देणारा एकच आहे. पहिल्या माणसाच्या मातीत त्यानंच फुंकला. त्याला कुणी डोळे रंगवून द्यावे लागत नाहीत. त्याच्याकडे माग. पण पोरी, दोन्ही डगरींवर हात ठेवून मागू नकोस. ही मूर्ती आधी जाळ."

मी कुऱ्हाड उचलली. वाटलं, आता ओरडेल, आता शाप देईल. मूर्ती ढिम्म. कान तुटले, ओठ तुटले, हूं नाही की चूं नाही. मला त्याचीच जास्त भीती वाटली. फक्त डोळ्यांची फळकुटी हातात आली, तेव्हा माझा हात अडला. इतके सुरेख डोळे मला आयुष्यात साधले नव्हते. बाकीचे तुकडे मी शेगडीत टाकले होते, काका जाळ फुंकत होते. मी ती फळकुटी हळूच रंगांच्या फळीवर सरकवली.

"सगळी टाकलीस ना?" काकांनी विचारलं.

"सगळी."

मग मी हात जोडले. "तू मला दिसत नाहीस," मी म्हटलं, "पण यांना श्वास दे."

खोली धुरानं भरली. काका खोकायला लागले. आणि यांच्या तोंडातून पांढरी वाफ निघाली.

"अगं," हे म्हणाले, "ऊब लागतेय."

मी त्यांच्या गळ्यात पडले. हंबरडा फोडला, पण डोळ्यांतून टिपूस येईना. धुरामुळे हे आणि काका दोघेही डोळे चोळत होते. मला काहीच झोंबत नव्हतं.

यांनी माझा चेहरा हातांत धरला. "तुझ्या पापण्या का हलत नाहीत गं? मिट बघू डोळे."

मिटेनात. यांचा चेहरा माझ्या नजरेतून विझत चालला होता. मागून मात्र कुणीतरी माझ्याकडे टक लावून पाहत असल्यासारखं वाटत होतं.

"अहो, ती रंगांची फळी..." मी म्हटलं आणि बोट दाखवायला हात उचलला. पण फळी कुठल्या बाजूला होती, तेच मला दिसेना.