जुळ्यांचं माप

"हात वर कर गं," म्हणत सोयराबाईंनी सुनेच्या पोटाभोवती टेप फिरवली आणि मशीनवर बसलेल्या मुलाला ओरडून सांगितलं, "निवृत्ती, जुळी आहेत रे!"

"अय्यो, आई, हळू. शेजारी ऐकतील," तुळसी लाजली.

"ऐकू देत. इतकी वर्षं त्यांचंच तर ऐकलं आपण."

चामराजपुरमच्या त्या छोट्या दुकानात सोयराबाईंनी जन्मभर गर्भार बायकांच्या चोळ्या शिवल्या होत्या. पोटाचा घेर बघून त्या महिना सांगत, आणि सहसा चुकत नसत. तुळसीला चौथा लागला होता आणि टेप सहावा दाखवत होती. मग जुळ्यांवाचून दुसरं काय असणार? जन्माआधी बाळाच्या कापडाला कात्री लावायची नाही, असा त्यांच्या घरचा दंडक. पण आनंदाच्या भरात सोयराबाईंनी त्याच दुपारी दोन झबली बेतली.

चार दिवसांनी तुळसी स्कॅनिंग करून आली. चप्पल काढून ती पायरीवरच बसली.

"एकच आहे, आई. पिशवीच सुजलीय. आतलं अस्तर भिंतीच्या मांसात शिरलंय म्हणे, म्हणून भिंत जाड झाली. दर महिन्याची ती कळ, ते रक्त, सगळं त्यापायी. दिवस राहायला इतका वेळ लागला तोही कदाचित त्यानंच, असं डॉक्टरीण म्हणाल्या."

"आणि बाळ?"

"पुष्कळ जणींचं नीट होतं. काहींचं फार लवकर होतं. जपायला सांगितलंय."

महिन्याच्या त्या दिवसांत गुडघे पोटाशी घेऊन मशीनमागे बसलेली तुळसी सोयराबाईंना आठवली. "सगळ्यांनाच दुखतं. सुम्मने, उगाच नाटक नको," असं त्या म्हणायच्या, आणि तुळसी उठून पुन्हा पेडलवर पाय ठेवायची.

त्या दिवसापासून तिची मशीन सोयराबाई चालवू लागल्या. गुडघे धरत, तरी चालवत.

सहावा सरत नाही तोच एका पहाटे तुळसीला कळा सुरू झाल्या. निवृत्ती रिक्षा घेऊन आला. मुलगी झाली. इतकीशी, की नर्सच्या एका हातात मावली. दुपारपर्यंत तिनं श्वास घेतला.

"मी कात्री लावली, म्हणून का गं?" खाटेशी बसून सोयराबाईंनी विचारलं.

"नाही, आई. आजार आहे तो." तुळसीनं डोळे मिटूनच सांगितलं.

घरी आल्यावर शेजारच्या मालतीबाई भेटायला आल्या. तुळसी भिंतीकडे तोंड करून निजली होती. मालतीबाईंनी पदर सावरला आणि आवाज उगाच खाली आणला.

"पेडल मारत होती ना शेवटपर्यंत? हल्लीच्या पोरी ऐकतात कुठं!"

"मशीन मी चालवत होते," सोयराबाई म्हणाल्या. "तिची पिशवी आजारी आहे, मालती. लग्न होऊन आली तेव्हापासून सांगत होती, दुखतंय म्हणून. मीच ऐकलं नाही."

"तसं नव्हे हो... पण आता पुढं? निवृत्तीला मूल नको?"

"आधी हिचं दुखणं बघायचं. मूल व्हायचं तर होईल, नाही तर नाही. आणि हे रस्त्यात कुणी विचारलं, तर असंच सांग."

मालतीबाई कॉफी न घेताच उठल्या.

दार लावून सोयराबाई वळल्या, तेव्हा तुळसी उठून बसली होती. चोळी पुढून भिजली होती. दूध आलं होतं. ती हातांनी छाती झाकायला बघत होती, आणि हात पुरत नव्हते.

दूध आटावं म्हणून सोयराबाईंनी मऊ मलमलीचा पट्टा फाडला. तिच्यामागे बसून त्यांनी तो छातीवरून आवळून आणला आणि पाठीवर गाठ मारली.

"दुखतंय, आई," तुळसी म्हणाली.

सोयराबाईंनी गाठ सोडली, आणि जरा सैल अशी पुन्हा बांधायला घेतली.