शेजारचा रिकामा गोल

विषय : अध्यक्षपदाच्या उमेदवाराने सोबत कोणता उपाध्यक्ष घेतला, यावरून मतदारांचे मन फिरण्याबाबत.
संदर्भ : मी स्वतः.

वरील विषयास अनुसरून निवेदन करतो, की मी एक फ्लेक्स बोलतोय.

माझा जन्म आर्णीतल्या एका छपाईच्या दुकानात झाला. माझी आई म्हणजे एक लांबलचक यंत्र. दिवसभर ती वाढदिवस, श्रद्धांजल्या आणि स्वागतं यांना जन्म देत असते. रंग तेच, चेहराही तसाच हसरा. माणूस जिवंत आहे की गेला, हे वरची ओळ वाचल्याशिवाय समजत नाही.

मला छापून घेतलं प्रफुल्लभाऊंनी. गावच्या पाणी वापर संस्थेची निवडणूक लागली होती आणि ते अध्यक्षपदाला उभे होते. कालव्याचं पाणी कोणाच्या वावरात कधी सोडायचं, हे ही संस्था ठरवते. तिथला रिवाज असा, की अध्यक्ष आणि उपाध्यक्ष जोडीने उभे राहतात आणि मतदार त्या जोडीला मिळून एकच मत देतो. मागे एकदा वेगवेगळे निवडून आलेले दोघे एकमेकांशी बोलेनासे झाले. त्यांच्या अबोल्यात कालव्याचं गेट बंदच राहिलं आणि गावाचा हरभरा वाळला. तेव्हापासून जोडी आधी, मत नंतर.

भाऊंचा फोटो तयार होता, घोषणा तयार होती. उपाध्यक्ष तेवढा तयार नव्हता.

“लग्न ठरलं नाही अन् पत्रिका छापून राह्यले, भाऊ,” दुकानदार म्हणाला.

“नवरदेव तं ठरला ना! बाजूले एक गोल सोडून दे. चेहरा मंग चिटकवू.”

अशा रीतीने मी अर्धा भरलेला आणि अर्धा कोरा जगात आलो. मला कालव्याच्या फाट्यावर, नलूबाईच्या चहाटपरीसमोर टांगलं. माझ्यावर एका बाजूला प्रफुल्लभाऊ हात जोडून उभे आणि शेजारी पांढरा गोल. त्याखाली ठळक अक्षरांत ‘उपाध्यक्ष’.

भाऊंकडून ही चूक झाली, असं आधी सगळे म्हणाले. पण त्या कोऱ्या गोलाने जी कामगिरी केली, ती पुढे कोणत्याच चेहऱ्याला जमली नाही. चहा पिणारा प्रत्येक जण एकदा तरी त्या गोलाकडे पाहायचा, मग नकळत मिशीवरून हात फिरवायचा. कोणी मुद्दाम दाढी करून यायला लागले. आपलं नाव लागेल या आशेवर प्रत्येक जण भाऊंचं गुणगान करत होता. जागा रिकामी होती तोवर सगळं गाव भाऊंचं होतं.

“बाप्पा, हा गोल कोनासाठी ठेवला?” कोणी तरी विचारायचं.

“तुह्यासाठीच,” नलूबाई कप विसळत म्हणायच्या. “पन तुह्यं डोकं मावत नाही म्हनून थांबले हायेत.”

समोरचे उमेदवार देवीलाल यांनी असला घोळ घातला नाही. त्यांनी सख्खा भाऊच उपाध्यक्ष म्हणून जाहीर केला. दोघांचे चेहरे इतके सारखे, की त्यांच्या फ्लेक्सवर एकच फोटो चुकून दोनदा छापलाय असं वाटायचं.

गोलावर सर्वांत मोठा हक्क खेमसिंग यांचा समजला जात होता. ते कालव्याच्या मधल्या भागातल्या तांड्याचे जाणते. ते काही मागत नव्हते. रोज येऊन माझ्यासमोरच्या बाकावर बसायचे, एवढंच. आमच्याकडे मागण्याची ही सर्वांत जोरदार पद्धत आहे.

कालव्याचं गणित सोपं आहे. मुखाकडच्या वावरांना पाणी पहिल्यांदा आणि पोटभर. मधल्यांना बरं. शेपटाकडे पोचते ती नुसती ओल. शेपटाकडचे लोक मतदानालाच येत नसत, कारण आपल्याला न मिळणाऱ्या पाण्याचा अध्यक्ष कोण, याचं त्यांना कुतूहल उरलं नव्हतं. प्रफुल्लभाऊंचं वावर मुखाला होतं. ते अडाणी नव्हते. जी मतं कोणी मोजतच नाही, ती मोजायची त्यांनी ठरवली.

म्हणून एके सकाळी त्यांनी सत्यशीलाबाईंना टपरीवर बोलावलं. बाईंचं वावर कालव्याच्या अगदी टोकाला, बुद्धविहाराच्या पलीकडे. दरवर्षी त्या हरभरा पेरतात. तो फुलावर येतो आणि पाण्याअभावी फुलावरच राहतो. ज्या साली पाणी आलं, त्या साली घर उभं राहिलं. बाकीची सालं त्या दुसऱ्यांच्या वावरात मजुरीने तण निंदायला गेल्या. त्यांना पद नको होतं, पाणी हवं होतं.

“फोटो देतो मी,” बाई म्हणाल्या. “पन पह्यलं पानी शेपटाले. मंग मधल्याले, अन् तुमच्या मुखाले आखरीले. कबूल?”

“कबूल हाय, बाई. पन हे चारचौघांत नोको बोलू.”

“मंग फोटो बी चारचौघांत नोको लावू.”

भाऊंनी इकडेतिकडे पाहिलं. बाकावर खेमसिंग होते, नलूबाई गाळणी हातात धरून थांबल्या होत्या. भाऊ घसा खाकरून मोठ्याने म्हणाले, “पह्यलं पानी शेपटाले!”

दुसऱ्या दिवशी माझ्या गोलात बाईंचा चेहरा चिकटला. फोटो बचतगटाच्या बैठकीतला होता. शेजारणीचा खांदा अर्धवट कापला गेला होता.

त्या दिवसापासून भाऊंचं गुणगान थांबलं. मुखाकडचे लोक माझ्याकडे पाठ करून चहा पिऊ लागले. “बाई चांगली हाय, पन अनुभव नाही,” असं ते म्हणत. भाऊंना तरी कुठे अनुभव होता, हे कोणी विचारलं नाही. बाईंचं आडनावही कोणी काढलं नाही. आडनाव न काढता आडनावाविषयी तासभर बोलता येतं, हे मी तिथेच शिकलो.

आणखी एक गोष्ट लक्षात आली. अध्यक्षाविषयी कोणी बोलतच नव्हतं. तो कसा आहे हे सगळ्यांना वर्षानुवर्षं ठाऊक असतं. बोलणं सगळं उपाध्यक्षावर चालतं, कारण अध्यक्ष कोणाला घाबरतो आणि कोणाला विसरतो, ते तिथे दिसतं.

खेमसिंग मात्र दोन दिवस आले नाहीत. तिसऱ्या दिवशी आले, बाकावर न बसता माझ्यासमोर उभे राहिले.

“काका, तुमचा फोटो राह्यला न,” नलूबाई हळूच म्हणाल्या.

“लागला असता तं मत मागत फिरा लागलं असतं. उन्हातानात. वाचलो.”

“मंग आता देवीलालकडे काय?”

“कायले? त्याले आपल्या घराबाहेर मानूस भेटला नाही. यानं कालव्याच्या टोकालोक नजर तं टाकली. मले राग आला, हे खरं हाय. पन रागावर का पानी सुटते?”

मतदानाच्या दिवशी शेपटाकडचे लोक ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून आले. त्यांतल्या कित्येकांनी संस्थेची मतपेटी पहिल्यांदाच पाहिली. मुखाकडची मतं निम्म्याहून जास्त देवीलालकडे गेली. तांडा खेमसिंगांच्या मागे आला. जोडी निवडून आली. गुलाल अध्यक्षांच्या अंगावर पडला. मतं कोणामुळे आली होती, ते विचारायला कोणाला सवड नव्हती.

निवडून आल्यावर फ्लेक्सचं आयुष्य संपतं. मला खाली उतरवून भाऊंच्या सोयाबीनच्या ढिगावर पांघरलं. पुढे रब्बीचं पाणी सुटलं. ते आधी मुखाला गेलं. “यंदा सवयीनं गेलं,” भाऊ म्हणाले. “पुढच्या पाळीले पाहू.”

तेव्हा सत्यशीलाबाई भाऊंच्या अंगणात आल्या आणि त्यांनी मला मागून घेतलं. जुना फ्लेक्स द्यायला कोण नाही म्हणतं? त्यांनी माझी घडी घातली आणि थेट भाऊंच्या वावराच्या गेटाच्या फटीत मला ठासून बसवलं. ते गेट बंद असलं तरी रात्रंदिवस गळायचं, आणि ती गळती सगळी भाऊंच्या गव्हात जायची. घडी घालताना बाईंनी अध्यक्षांचा चेहरा वर ठेवला. त्यामुळे मला उपटायला कोणी धजत नाही.

भाऊ आले, वाकून पाहिलं.

“बाई, माह्याच तोंडानं माह्यंच पानी अडवलं का तुम्ही?”

“काय करता, भाऊ? तुमच्या शब्दापेक्षा हे टिकाऊ निघालं.”

भाऊ हसले. ते मनाने वाईट नाहीत. त्यांचं वावर मुखाला आहे, एवढंच.

सध्या मी इथेच आहे. पाठीला गार पाणी, पोटाला चिखल. माझ्यामुळे जेवढं वाचतं तेवढं पुढे जातं, पण टोकापर्यंत पुरत नाही. बाई रोज सकाळी कालव्याच्या काठाने पाणी कुठवर आलं ते पाहत जातात. काल ते विहाराच्या अलीकडे थांबलं होतं. हरभरा फुलावर आहे. माझी विनंती एवढीच, की मला इथून काढायची वेळ आलीच, तर ती गेट दुरुस्त झाल्यामुळे यावी.

पहिली पाळी शेपटाला देण्याबाबतचा अर्ज उपाध्यक्षांनी रीतसर अध्यक्षांकडे दिला आहे. उपाध्यक्षांशी चर्चा करून निर्णय घेऊ, असा शेरा अध्यक्षांनी त्यावर मारला आहे. चर्चेची तारीख ठरलेली नाही. अर्ज प्रलंबित आहे.