वाडग्यातलं दाट दूध

पेतांगने आजवर चौऱ्याऐंशी प्रेमकथा लिहिल्या होत्या आणि त्यातल्या एकीतही कोंबडी शिजून ताटात आली नव्हती. दर पुस्तकात सातव्या प्रकरणात नायिका चुलीपुढे बसायची. कोंबडी नारळाच्या पातळ दुधात रटरटत असायची, गवती चहाची जुडी गाठ मारून रश्श्यात सोडलेली असायची, दाट दूध शेवटी घालायचं म्हणून वाडग्यात बाजूला काढलेलं असायचं. आणि नेमका तेव्हाच स्वयंपाकघराच्या दारात नायक येऊन उभा राहायचा. मग कोंबडीकडे कोण बघतंय. आठव्या प्रकरणात एकदम सकाळ व्हायची, आणि वाडगं राहायचं तिथंच.

वाचणाऱ्या बायका काही भोळ्या नव्हत्या. हाँगकाँगमध्ये दुसऱ्यांची मुलं सांभाळणाऱ्या एका बाईने पत्रात लिहिलं होतं, "मॅडम, लग्न झालं, आनंद आहे. पण त्या दुधाचं काय झालं? उन्हाळ्याचे दिवस, नासलं असेल हो." पेतांगने ते पत्र जपून ठेवलं होतं. उत्तर मात्र दिलं नव्हतं.

पुस्तकांवर नाव असायचं क्लारिबेल सांतियान. फिलिपिन्सच्या लुकबान गावात या नावाची बाई राहते हे कोणाला ठाऊक नव्हतं. गावाच्या लेखी पेतांग म्हणजे छपन्न वर्षांची, बिनलग्नाची, मनिलाच्या छापखान्यासाठी शाळेच्या पुस्तकांची मुद्रितं तपासणारी बाई. तिच्या थोरल्या बहिणीचीही, अते चोलेंगचीही, हीच समजूत होती. अते म्हणजे ताई; तिचं वय सत्तर. ताडाच्या पात्यांच्या रुंद टोप्या विणण्यात तिचा हात धरणारं गावात कोणी नव्हतं. आईवडील गेले तेव्हा पेतांग सहा वर्षांची होती. तिला अतेने वाढवली ती या टोप्यांवर आणि स्वतःच्या हट्टावर. प्रेमाची पुस्तकं दुकानात लटकलेली दिसली की अते नाक मुरडायची. "यातल्या बायका जेवण कधी करतात गं?" असं ती एकदा म्हणाली होती, आणि पेतांगला त्या रात्री झोप लागली नव्हती.

यंदा पंधरा मेला शेतकऱ्यांच्या संत इसिद्रोची मिरवणूक त्यांच्या गल्लीतून जाणार होती. मिरवणुकीचा रस्ता दरवर्षी बदलतो, त्यामुळे एकेका दाराची पाळी यायला पाच-सहा वर्षं लागतात. पाळी आली की ज्याचं घर ज्यावर चालतं ते त्याने दारावर टांगायचं आणि संताचे आभार मानायचे. शेतकरी भाताच्या लोंब्या टांगतो, खाटीक लसणीच्या सॉसेजच्या माळा सोडतो. सगळ्यांच्या मध्ये कीपिंग असतातच, म्हणजे पानांवर थापलेल्या तांदळाच्या पातळ, रंगीत पापड्या. त्यांच्यातून ऊन गाळून आलं की रस्त्यावरची माणसं लाल, हिरवी, पिवळी होत चालतात आणि कोणाच्या चेहऱ्यावर कोणतं वय आहे ते कळेनासं होतं.

अतेच्या दारावर नेहमी टोप्या लागायच्या.

"या खेपेला नीट बघून घे मला," विणता विणता अते म्हणाली होती. "पुढच्या पाळीला इसिद्रो येईल तेव्हा मी त्याच्याच पालखीत बसून तुला हात करत असेन."

ती हे बाजारभाव सांगावा तसं म्हणाली, आणि पेतांगच्या मनात ते रुतून बसलं. आभार मानायचे तर याच वर्षी.

दोन दिवस आधी मनिलाहून ओफेंग आणि सालुद आल्या. दोघीही पेतांगच्याच धंद्यातल्या. ओफेंग अंगाने भरलेली, तोंडाची मोकळी. तिचे सगळे नायक डॉक्टर. सालुद बारीक, अबोल. तिच्या पुस्तकात निदान एक जहाज बुडाल्याशिवाय लग्न लागत नसे. या तिघी दर मे महिन्यात मिळून एक पत्रक छापायच्या आणि वाचणाऱ्या बायकांना पाठवायच्या. प्रत्येकीने तीन गोष्टी द्यायच्या: आपलं एक पुस्तक, कोणाचे तरी आभार, आणि आवडीची एक पाककृती. दोघींची पानं तयार होती. पेतांगच्या पानावर फक्त पुस्तकाचं नाव होतं.

"दरवर्षी काहीतरी साधंच देऊन निभावतेस," ओफेंग म्हणाली. "गेल्या वर्षी काय दिलंस, उकडलेलं अंडं. बायका मला विचारतात, क्लारिबेलबाई आजारी आहेत का?"

"मला स्वयंपाक येत नाही, ओफेंग."

"ते ठाऊक आहे गं. पण तुझ्या नायिकांच्या कोंबडीत दूध घालायला स्वयंपाक यावा लागत नाही. हात लागतो." मग तिने दारावरच्या रिकाम्या बांबूकडे पाहिलं. "आणि घर ज्यावर चालतं ते टांगायचं ना? छताचे पत्रे टोप्यांचे आहेत? अतेच्या डोळ्यांचं ऑपरेशन टोप्यांनी झालं?"

पुस्तकं टांगायची तर तिलाही होती. भीती वेगळ्याच गोष्टीची होती, आणि ती तिने आजवर कोणाला सांगितली नव्हती.

ती आठ वर्षांची होती तेव्हाची गोष्ट. त्या दिवशी तिला ताप होता. अतेने, तेव्हा ती बावीस वर्षांची होती, निळा झगा घातला होता आणि नारळ खवायला घेतला होता. इस्को येणार होता. इस्को सुतार होता, हसला की डोळे मिटायचे त्याचे. पेतांगला चटईवरून चुलीचा उजेड दिसत होता, गवती चहाचा वास येत होता, दाट दूध वाडग्यात पडताना ऐकू येत होतं. तापाच्या गुंगीत तिला वाटलं होतं की हे असंच चालू राहणार. मग तिला झोप लागली. जाग आली तेव्हा भांडी घासून पालथी पडली होती आणि अते टोपी विणत बसली होती. "कोण आलं होतं का?" तिने विचारलं. "पेज घे," अते म्हणाली. इस्को पुन्हा गावात दिसला नाही आणि तशी कोंबडी घरात पुन्हा शिजली नाही.

तो आलाच नाही, असं पेतांगने धरून ठेवलं होतं. म्हणून मोठी झाल्यावर, हातात लेखणी आल्यावर, ती त्याला चौऱ्याऐंशी वेळा घेऊन आली. तोच दरवाजा, तोच वास. तिला वाटायचं, असं लिहून लिहून कुठेतरी अतेचं देणं फिटेल. आणि आता ही पुस्तकं दारावर लागली की अते ओळखणार, की धाकट्या बहिणीने तिचं दुःख तीस वर्षं दुकानादुकानांत टांगलं.

तरीही पंधरा तारखेच्या पहाटे, अते चर्चला गेल्यावर, पेतांगने पलंगाखालचे खोके ओढले. तिघींनी कपड्यांचे चिमटे घेऊन दोऱ्यांवर पुस्तकं लावली. एक टोपी, दोन पुस्तकं, एक पापडी, पुन्हा टोपी. बानाहाव डोंगरावरून धुकं उतरत होतं आणि त्यात ती मुखपृष्ठं, ते मिठीतले नायक-नायिका, हळूहळू डोलत होते. पेतांग रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभी राहिली. आपलं घर तिला कोणीतरी झोपेत पाहिलेलं वाटलं. तिला फार बरं वाटलं.

अते परत आली ती शेजारच्या सुईणीबरोबर. सुईण दाराशी थबकली, आणि तिचा हात छातीवर गेला.

"क्लारिबेल सांतियान? चोलेंग, तुझ्या घरात?" ती म्हणाली. "अगं माझ्याकडे सत्तर आहेत. बाळंतिणींना वाचून दाखवते मी, कळा लांबल्या की."

अतेने पुस्तकांकडे पाहिलं, मग पेतांगकडे. तिने एक पुस्तक चिमट्यातून काढलं, दारातल्या खुर्चीवर बसली, प्रार्थनेच्या पुस्तकासाठी ठेवलेलं भिंग काढलं आणि वाचायला लागली. थोड्या वेळाने दुसरं काढलं. मग तिसरं. पानं ती मधूनच उघडत होती, आणि सातवं प्रकरण तिला लगेच सापडत होतं.

बातमी गल्लीत पसरली. बायका जमू लागल्या, कोणी सही मागायला, कोणी नुसतं बघायला. ओफेंगने सगळ्यांना सावरून घेतलं. पेतांग मात्र खुर्चीच्या मागे उभी होती, शाळेत शिक्षा झालेल्या मुलीसारखी. तिचा जीव त्या भिंगाखाली अडकला होता.

"माझ्या निळ्या झग्यावर फुलं कुठून आली?" अते शेवटी म्हणाली. मान वर न करता. "साधा होता तो."

"अते..."

"आणि ही बाई गवती चहा आधी घालते. आधी घातला तर कडू होतो." तिने पुस्तक मिटलं. "आत चल."

मागच्या अंगणात जुनी चूल होती. अतेने सणासाठी आणलेल्या कोंबड्यांपैकी एक घेतली, खवणीवर बसली आणि नारळ पुढे ओढला. पेतांग समोर पाटावर बसली. दोघींच्या मध्ये वाडगं होतं. खवण्याचा आवाज येत राहिला आणि लांबून बँडचा. आलं, लसूण, कांदा, मग कोंबडी, मग पातळ दूध. वास उठला तशी पेतांग पुन्हा आठ वर्षांची झाली आणि तिला आपल्याला ताप आहे असं वाटू लागलं.

"माझ्यावर रागावलीस?" तिने विचारलं.

"रागावलेय ना. चौऱ्याऐंशी कोंबड्या करपवल्यास."

"मला वाटायचं, तो आलाच नाही. तुझ्यासाठी मी त्याला आणत होते, अते. दुसरं काही मला देता येत नव्हतं."

अतेने गवती चहाची जुडी रश्श्यात सोडली आणि झाकण ठेवलं.

"आला होता," ती म्हणाली.

पेतांगला वाटलं आपण चुकीचं ऐकलं.

"कधी?"

"तू झोपलीस तेव्हा. याच वेळेला, कोंबडी शिजत आली होती. दारात उभा राहिला, तुझ्या पुस्तकातली माणसं राहतात तसाच. हसला."

"मग?"

"मग काय. चुलीतली लाकडं बाहेर ओढली, दाट दूध घातलं, पान वाढलं. दोनदा भात घेतला मेल्याने. जेवून झाल्यावर म्हणाला, दक्षिणेला मिंदानाव बेटावर जमीन मिळतेय, उद्याची बोट आहे, चल. पोरीला मावशीकडे ठेव, म्हणाला." अतेने झाकण उचलून आत पाहिलं. "मी म्हटलं, आणखी रस्सा वाढू का? त्याला कळलं."

"तू त्याला नाही म्हणालीस."

"रस्सा वाढू का म्हणाले."

"तुला वाईट नाही वाटलं?"

"वाटलं तर. दगड आहे का मी? तीन महिने टोप्या वाकड्या विणल्या. गावात अजून कोणाच्या तरी डोक्यावर असतील." ती पेतांगकडे पाहत होती, आणि त्या नजरेत राग नव्हता. "पण तो आलाच नाही, असं कोणी म्हणू नये. चांगला माणूस होता. तू त्याला चौऱ्याऐंशी वेळा दारात उभं केलंस आणि एकदाही जेवायला घातलं नाहीस."

पेतांग रडू लागली. पन्नास वर्षांत तिला एवढं रडू आलं नव्हतं. आपण न आलेल्या माणसाचं दुःख भरून काढत होतो, आणि इथे तर आलेल्या माणसाला परत पाठवलं गेलं होतं, आपल्यासाठी, आपण झोपलेलो असताना.

"रड नंतर," अते म्हणाली. "हे बघ आधी. लाकडं ओढायची. दारात कोण का उभं असेना, आधी लाकडं ओढायची, नाहीतर दूध फाटतं. ओढ."

पेतांगने लाकडं ओढली. अतेने वाडगं तिच्या हातात दिलं. दूध जड होतं, पांढरंशुभ्र, आणि ते रश्श्यात उतरताना तिने प्रथमच शेवटपर्यंत पाहिलं.

बाहेर बँड दारापाशी आला होता. दोघी तशाच ओल्या हातांनी पुढे गेल्या. संत इसिद्रो पापड्यांच्या रंगीत उजेडातून डुलत डुलत आला, टोप्यांवर आणि पुस्तकांवर पाद्रींनी पवित्र पाणी शिंपडलं, मिठीतले नायक भिजले. अतेने क्रुसाची खूण केली आणि शेजारी उभ्या असलेल्या सुईणीला सांगितलं, "माझ्या बहिणीने लिहिलीत. स्वयंपाक तिला येत नाही, पण लिहिते."

दुपारी सगळ्या जेवल्या. ओफेंगने दोनदा भात घेतला, आणि अते तिच्याकडे बघून हसली. पेतांगच्या ताटात रस्सा दाट होता, थोडा गोडसर, आणि त्याची चव तिला अगदी नवीन होती.

मग सालुदने तिच्यापुढे पत्रकाचं पान सरकवलं. पाककृती पेतांगने एका दमात लिहिली, लाकडं ओढण्यासकट, आणि हाँगकाँगच्या बाईसाठी खाली एक ओळ घातली की दूध नासलं नव्हतं. आभाराच्या जागेवर मात्र तिची लेखणी बराच वेळ थांबली. माजघरातून पात्यांची सळसळ येत होती. अते सणाच्या दिवशीही विणायला बसली होती. पेतांगने लिहिलं: माझ्या बहिणीचे. त्या दिवशी मी झोपले होते.