उलटी किक

मित्रांनो, मी एक जुनी, थोराड मोटारसायकल आहे. पेडण्यातल्या हरमल गावी, माडाखालच्या छपरीत मी उभी असते. माझे हँडल उंच, सीट रुंद आणि चाल निवांत. येणारीजाणारी मुले माझ्या टाकीवर हात फिरवतात आणि रुबाबदार म्हणतात, तेव्हा मला मान खाली घालावीशी वाटते. मला मान नाही, म्हणून मी तशीच उभी राहते.

गोवा घटक राज्य झाले, त्याच्या पुढच्या वर्षी भिकाजीबाबांनी मला घरी आणले. ते तुयेच्या औद्योगिक वसाहतीत कामाला होते. पण गावोगाव त्यांची ओळख पायपेटीवाले म्हणून होती. पायपेटी म्हणजे दोन्ही पायांनी भाता हलवून वाजवायची मोठी पेटी. घरात सगळी कोंकणी बोलत. मात्र जत्रेतल्या मराठी संगीत नाटकाची नांदी भिकाजीबाबांच्या पेटीशिवाय सुरू होत नसे. मी त्यांना तालमीला नेई. मागच्या सीटवर तबलजी सगुण बसे, चांगला अंगापिंडाने भरलेला, मांडीवर तबला-डग्गा घेऊन. सपाट रस्त्यावर मी मजेत धावे. पार्सेच्या चढणीवर मात्र माझा दम तुटे. मग सगुण बिचारा उतरायचा आणि डग्गा पोटाशी धरून घामाघूम होत चालत वर यायचा. भिकाजीबाब माझ्यावर कधी चिडले नाहीत. दमली बिचारी, एवढेच म्हणत.

हे सगळे त्यांची मुलगी गौरवी लहानपणापासून पाहत होती. पुढे ती डिचोलीला तंत्रनिकेतनात शिकू लागली. तिथे इंजिन उघडून दाखवले, तेव्हा तिला म्हणे पहिल्यांदा माझी आठवण झाली.

माझा दम का तुटतो हे तिने शोधून काढले. पिस्टन वर येतो तेव्हा हवा आणि पेट्रोल दाबले जाते. दाब जितका जास्त, तितका स्फोट जोरदार आणि ओढ चांगली. माझा दाब कमी होता. तो वाढवायचा तर सिलिंडरची कड थोडी घासावी लागणार होती. पण नुसता दाब वाढवून भागत नाही, हेही तिला ठाऊक होते. इंजिनात कॅम नावाचे अंड्यासारखे फुगीर तुकडे फिरत असतात. हवेची झडप कधी उघडायची आणि कधी मिटायची हे ते ठरवतात. दाब आणि कॅम एकमेकांना साजेसे हवेत. वर्गातल्या एका मुलाने तिला शर्यतीच्या गाडीचे कॅम सुचवले. गौरवी त्याला म्हणाली, “बाबांना शर्यत जिंकायची नाही. सगुणकाकांना न उतरवता चढण चढायची आहे.”

तिने मधले कॅम निवडले. त्यांत झडप जराशी उशिरा मिटते, त्यामुळे सुरू करताना थोडा दाब निसटतो, किक हलकी राहते आणि चढणीवर ओढही टिकते. ते कोल्हापूरहून यायचे होते.

त्या वेळी भिकाजीबाब नाटक मंडळीबरोबर सिंधुदुर्गात गेले होते. ते परत येईपर्यंत मला नवी करून ठेवायची, असे गौरवीने ठरवले. तुयेच्या लेथवर सिलिंडर घासून आणला. कॅम काही आले नाहीत. खाऱ्या वाऱ्यात उघडे इंजिन गंजेल, म्हणून तिने जुन्याच कॅमवर मला जोडले. दाब वाढल्यामुळे पेट्रोल पेटवणाऱ्या ठिणगीची वेळही थोडी उशिराची करायला हवी होती. ते काम नव्या कॅमबरोबर करायचे तिने ठरवले. तोवर ती मला फार जपून सुरू करी. आधी पिस्टन हळूच माथ्यावरून पुढे नेई आणि मगच किक मारी.

त्या दिवसांत मला गर्व चढला होता. माझा आवाज खोल झाला होता, समुद्रावरचे परदेशी पाहुणे वळून पाहत. गौरवी आईला, विनोदिनीबाईंना, म्हणाली की बाबांना यातले काही सांगू नको, जत्रेच्या दिवशी त्यांना चकित करू. मग ती परीक्षेला डिचोलीला गेली.

भिकाजीबाब एक दिवस आधीच परतले. पोरीची परीक्षा आज संपते आणि ती संध्याकाळच्या बसने पेडण्याला उतरेल, असे कळल्यावर ते म्हणाले, मीच आणतो तिला. विनोदिनीबाई हसल्या आणि गुपित पाळून गप्प राहिल्या. गाडी सुरू करण्यात काही धोका असेल, हे त्यांना तरी कुठे माहीत होते?

भिकाजीबाबांनी नेहमीसारखा चपलेतला पाय किकवर ठेवला आणि दाबला. मला कळत होते. पण थांबा म्हणायला मला तोंड नव्हते. पिस्टन माथ्यावर पोचण्याआधीच ठिणगी पडली, आतला सगळा दाब उलटा फिरला, आणि किक बंदुकीसारखी वर उसळून त्यांच्या पायावर बसली. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. ते अंगणात पडले आणि त्यांच्या शेजारी मीही आडवी झाले.

पेडण्याच्या बसस्टँडवर गौरवी बराच वेळ एकटीच थांबली. शेवटी भाड्याची मोटारसायकल चालवणाऱ्या पायलटच्या मागे बसून घरी आली. घराला कुलूप होते. मी अंगणात आडवी होते आणि माझ्याखाली वडिलांची एक चप्पल अडकली होती. तिला कोणी काही सांगावे लागले नाही.

इस्पितळात काय झाले ते सगुणच्या तोंडून मला नंतर कळले. गौरवीने स्वतःहून सांगितले की इंजिन तिने उघडले होते. भिकाजीबाबांनी विचारले, चढणीसाठी? तिने होकाराची मान हलवली. त्यांनी आपल्या मोडलेल्या पायाकडे पाहिले. मग म्हणाले, “माका सांगूक व्हया होता गो बाय.”

पाय जुळला, पण घोटा वळेना. त्या वर्षीच्या जत्रेत पायपेटीवर दुसराच माणूस बसला. नांदीचे सूर घरापर्यंत ऐकू येत होते. भिकाजीबाब खुर्चीत बसून होते आणि त्यांचे पाय जमिनीवर आपसूक हलत होते. एक सहज, दुसरा अडखळत. ते पाहताना आपण लोखंडाच्या आहोत याची मला प्रथमच किळस आली.

गौरवीने माझ्यावर ताडपत्री टाकली. कॅमचे पुडके आले तेही तिने फोडले नाही. माझ्या सीटवर कोंबड्या बसू लागल्या. बरेच झाले, असे मला वाटे.

एके सकाळी भिकाजीबाब काठी टेकत आले. हातात ते पुडके होते. त्यांनी कोंबड्या हाकलल्या, खुर्ची मागवली आणि लेकीला हाक मारली.

“हे बसय आता,” ते म्हणाले. “आणि करतंय ता माका सांगत ऱ्हव.”

गौरवीने पाना उचलला. एकेक भाग काढताना ती तो काय करतो हे सांगत होती आणि ते मधूनमधून प्रश्न विचारत होते. नवे कॅम बसले, ठिणगीची वेळ जुळली. मग तिने किक मारली. किक मऊ खाली गेली आणि मी शहाण्यासारखी सुरू झाले.

भिकाजीबाब प्रथमच माझ्या मागच्या सीटवर बसले. पार्सेची चढण मी न अडखळता चढले. वर पोचल्यावर ते लेकीला म्हणाले की बरी चढते गो. आयुष्यभर मला हीच शाबासकी हवी होती. ती मिळाली तेव्हा त्यांचा ताठ पाय माझ्या बाजूला लोंबत होता, आणि मला ती घेववेना.

आता कोणी किल्ली मागितली, तर गौरवी आधी त्याला शेजारी उभे करते आणि पाय कसा ठेवायचा, किती दाबायचा, हे सगळे दाखवते. लोक कंटाळतात, काही हसतात. मी मनात म्हणते, दाखव बाई, पुन्हा दाखव.

मित्रांनो, यंत्रे जरूर उघडा, ती सुधाराही. आपल्या माणसासाठी कराल तर आणखी चांगले. पण काय केले आहे ते त्याला आधी सांगा. आमच्या पोटात काय बदलले आहे, ते आम्हाला कधीच बोलून दाखवता येत नाही.