खोटी ठरवलेली पायली

मी एक जुनी पितळी पायली आहे. हसू नका मित्रांनो! आज माझा काठ चेपला आहे, दुकानदार माझ्यात सुतळीचे तुकडे टाकतो. पण एके काळी नंदुरबारच्या बाजारात माझा दरारा होता.

तांबटाने ठोकून ठोकून मला घडवले आणि मी भीकमचंद शेटजींच्या दुकानात आले. ज्वारी, तूर, भुईमुगाच्या शेंगा, सगळे मी मापले. मी भरले म्हटल्यावर गिऱ्हाईक मुकाट्याने पिशवी पुढे करी. काय दिवस होते ते!

१९३६ साली गावात बाळंतिणींसाठी खोली बांधायचे ठरले. तोवर बायका घरच्या अंधाऱ्या कोपऱ्यात बाळंत होत, आणि काही तिथून उठतच नसत. मदतीसाठी शेटजींनी सात दिवसांचा आनंदबाजार भरवला. चिठ्ठी विकत घ्यायची, नाव लिहून माझ्यात टाकायची आणि संध्याकाळी मला खूप हलवून सोडत. रोज एक भांडे, शेवटच्या दिवशी दुभती म्हैस! चिठ्ठी काढायची ती गावची म्हातारी दाई दिवलीबाई हिने.

पहिल्या दिवशी बक्षीस बाजारपेठेतल्या एका दुकानदाराच्या घरी गेले. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी खुद्द शेटजींच्या पत्नीचे, बदामबाईंचे नाव निघाले. तेव्हा मगन नावाचा शेतकरी ओरडला, "शेटजी, तुमनं माप खोटं शे!"

खोटे? आणि मी? असा संताप आला म्हणून सांगू! लोक उठून चालू लागले. चिठ्ठ्या खपल्या नाहीत तर खोली कुठली? शेटजी हात जोडून त्यांना थांबवू लागले.

मला कारण ठाऊक होते, पण पायलीला कोण विचारतो! शेंगा हलवल्या की टपोऱ्या वर येतात, बारीक तळाशी जातात. दुकानदारांच्या बायका हळद बांधावी तशी चिठ्ठीची फुगीर पुडी बांधत, हाताची सवयच ती. शेतकरी मात्र दाबून दाबून चपटी घडी करत.

रोज वरचीच चिठ्ठी उचलणाऱ्या दिवलीबाईने आता माझ्या तळापर्यंत हात घातला आणि तिथेच चाचपत राहिली.

"थांबा रे! पुड्या वर येतस, घड्या खाले जातस. माप खरं शे," ती म्हणाली.

सगळ्यांसमोर चिठ्ठ्या सतरंजीवर ओतल्या. बदामबाई आणि मगनची बायको भिकुबाई शेजारी बसल्या आणि त्यांनी सगळ्या चिठ्ठ्यांच्या सारख्या घड्या केल्या. मग रोज तसेच होऊ लागले. लोक परत आले, हो!

सातव्या दिवशी म्हशीची चिठ्ठी निघाली. शेटजींनी ती दोनदा वाचली आणि मग नाव सांगितले. पुन्हा बदामबाई! सगळे मगनकडे बघू लागले. तो उठला, खुंट्यावरून म्हशीचे दावे सोडले आणि बदामबाईंच्या हातात दिले.

"लई जा बाई. आते तुमनीच शे."

पुढच्या वर्षी खोली उभी राहिली. मित्रांनो, मला घासूनपुसून ठेवा असे मी म्हणणार नाही. पण कुणाला खोटे म्हणण्याआधी नीट तपासून बघा. आणि चूक आपली निघाली, तर मगनसारखे चारचौघांत उठायला लाजू नका.