चाळिसावे विमान

मित्रांनो, माझ्या डोक्यावर नमुन्याच्या साड्यांचे गठ्ठे रचले आहेत, म्हणून मला स्टूल समजू नका. मी एक जुना संगणक आहे. सुरतेत रिंग रोडवरच्या एका डिझाइनच्या ऑफिसात, माळ्यावर, उंदरांच्या संगतीत पडून आहे. माझा माउस कोणीतरी नेला, वायर उंदरांनी खाल्ली. कुरकुर करायची मला पहिल्यापासून सवय आहे, आणि आता तर दुसरा उद्योगच नाही. पण आजची हकिगत माझ्या दुःखाची नाही. ती सुकदेवकाकांची आहे.

१९९३ साली मी इथे आलो तेव्हा शेठने माझ्या कपाळाला कुंकू लावून नारळ फोडला होता. पेढे वाटले गेले. ऑफिसातल्या चार ग्राफवाल्यांनीही पेढा खाल्ला. हे ग्राफवाले चौकटीच्या कागदावर ब्रशने एकेक घर रंगवून साडीचे बुट्टे उतरवत. त्या कागदावरून पुढे विणायच्या मागासाठी भोकांची कार्डे पंच होत. त्यांचे हेच काम करायला मला आणले होते. पेढा खाताना त्यांना ते ठाऊक नव्हते, आणि मलाही नव्हते.

सुकदेवकाका त्या चौघांत वडीलधारे. अमळनेरकडचे, राहायला गोडादऱ्याला. वीस वर्षे ग्राफ भरून त्यांची मान कायमची डावीकडे कलली होती. मला चालवायला ठेवलेला मंदार पंचविशीचा, बँकेतल्या एका कारकुनाचा मुलगा. मंदारला विमानांचे वेड. रद्दीच्या दुकानातून तो जुनी विलायती मासिके आणायचा आणि त्यांतली नेमकी पडेल विमाने शोधायचा. एकदोनच बनवली, चाचणीत उडवली आणि मग मोडीत काढली, अशी लढाऊ विमाने. त्यांवर त्याला माझ्यासाठी एक खेळ रचायचा होता. त्या खेळात दुसरे महायुद्ध ठरल्या वेळी संपतच नाही, आणखी पाच वर्षे चालते, आणि मोडीत निघालेल्या या विमानांना शेवटी उडायला मिळते.

पण मंदारला चित्र काढता येत नव्हते. त्याचे विमान म्हणजे पाय पसरलेली पाल. एके दुपारी काकांनी डबा खाता खाता ते पाहिले, हात धुतले आणि ग्राफच्या कागदावर बत्तीस घरे आडवी, बत्तीस उभी अशी चौकट आखून विमान भरून दिले. माझ्या पडद्यावरही घरेच असतात. मंदारने एकेक घर मोजून उतरवले, आणि ते विमान उडाले. काका कितीतरी वेळ बघत राहिले. वीस वर्षांत त्यांनी काढलेली एकही वस्तू जागची हलली नव्हती.

मग रोज दुपारी जेवणाच्या सुट्टीत हेच चालले. काका प्रत्येक विमानाबद्दल आधी एकच गोष्ट विचारायचे, हे बंद का पडले? कुणाचे इंजिन तापायचे, कुणाची चाके कच्ची, एखाद्याची चूक काहीच नव्हती, फक्त ते उशिरा तयार झाले. ते ते व्यंग मंदार खेळात तसेच ठेवायचा. काकांना ते पटायचे. ते म्हणायचे की व्यंग काढले तर ते विमान ओळखीचेच राहणार नाही. एका वाकडतोंड्या विमानाला तर त्यांनी आपल्या मेहुण्याचे नाव दिले होते.

दरम्यान शेठचा हिशेब पक्का झाला होता. मी एकटा चौघांचे काम करत होतो. दोन ग्राफवाले गेले, मग तिसरा गेला. काकांना शेठने सांगितले की दिवाळीपर्यंत थांबा. त्याच सुमारास बंगळुरातल्या एका खेळ बनवणाऱ्या कंपनीची जाहिरात आली. खेळ पसंत पडला तर विकत घेणार होते, आणि चित्रे काढणाऱ्यालाही कामावर ठेवणार होते. मंदारने ते वाचून दाखवले. काकांनी त्याच संध्याकाळी बायकोला, शोभाबाईंना सांगितले असावे, कारण दुसऱ्या दिवशी डब्यात मंदारसाठी वेगळी पुरणपोळी आली. एका ग्राफवाल्याची रोजीरोटी आता खेळात ठरलेल्या चाळीस विमानांवर अवलंबून होती.

एकोणचाळीस झाली. शेवटची तारीख तोंडावर आली. चाळिसाव्या विमानाचे वरून काढलेले चित्र एका मासिकात होते, पण पान उभे फाटलेले. विमानाचा डावा अर्धाच भाग उरला होता. पंख, आणि त्यावर इंजिनाचे लांब धड. काकांनी बुट्ट्याचे जे वीस वर्षे केले तेच केले. अर्धे काढले, त्यावर बटर पेपर ठेवून गिरवले, पेपर उलटा केला आणि दुसरी बाजू उतरवली. साडीचा बुट्टा असाच तर करतात. दोन धडांचे, दोन इंजिनांचे इतके देखणे विमान झाले की मंदारने ते खेळाच्या पहिल्याच पडद्यावर लावले.

आणि माहिती? ती आधीच्या अखंड पानावर होती, इंग्रजीत. मंदारने ती घाईघाईत माझ्यात टाइप केली. तिच्यात एक ओळ अशी होती की वैमानिकाची जागा धडात नाही, ती उजव्या पंखावरच्या वेगळ्या काचेच्या कुपीत आहे. बोटांनी टाइप केले, डोक्याने वाचले नाही. काकांना इंग्रजी येत नव्हते. चित्र आणि ती ओळ, दोन्ही माझ्या पोटात शेजारी शेजारी होती. मला वाचा असती तर मी ओरडलो असतो. खेळाची फ्लॉपी बंगळुराला कुरियरने गेली.

दिवाळीच्या पंधरा दिवस आधी पत्र आले. मंदारने ते माझ्यासमोर बसून काकांना वाचून दाखवले. कल्पना चांगली आहे, लिहिले होते, पण पहिल्या पडद्यावरचे विमान साफ चुकले आहे. त्या विमानाचे वेगळेपण एवढेच की त्याच्या दोन बाजू सारख्या नव्हत्या. इतकी ठळक गोष्ट ज्याला दिसली नाही, त्याच्या बाकीच्या एकोणचाळीसांवर विश्वास कसा ठेवायचा? सबब, क्षमस्व.

काकांनी पत्र हातात घेऊन पाहिले. मग त्यांनी आपल्या अहिराणीत विचारले, “मंदारभाऊ, कागदवर तसं काही लिखेल नव्हतं का?”

मंदारने माझ्याकडे पाहिले. “नाही काका,” तो म्हणाला. “काहीच नव्हतं.”

“मंग चूक मन्हीच शे. हातले सवय लागेल शे ना, अर्धं काढानं नि कागद पलटाई टाकाना.”

काका चहा सांगायला खाली गेले. तेवढ्यात मंदारने ती माहिती उघडली. ती ओळ त्याने दोनदा वाचली. त्याचा कान लाल झाला होता. मग त्याने शेवटच्या अक्षरापासून मागे मागे जात सबंध ओळ पुसली. काका परत आले असते तरी त्यांना ती वाचता येणार नव्हती. तरी त्याने ती पुसली. मंदार वाईट नव्हता हो. घाबरला होता, एवढेच. पण त्या दिवसापासून त्याची बोटे माझ्यावर पडली की मला नकोसे व्हायचे.

दिवाळीला काका गेले. त्यांना कामरेजच्या एका कारखान्यात पुठ्ठ्याची खोकी दुमडण्याचे काम मिळाले. खोक्याच्या मात्र चारही बाजू नेमाने सारख्या असतात. जाताना त्यांनी ब्रश नेले नाहीत. ते काही दिवस खिडकीत सुकत होते, मग झाडूवालीने टाकून दिले.

तुम्हाला वाटेल संपले. पण दरवर्षी दिवाळीनंतर काका शोभाबाईंच्या हातचा फराळ घेऊन मंदारला भेटायला यायचे. बंगळुराहून पुन्हा काही आले का, विचारायचे. मंदार नाही म्हणायचा, शेव तोंडात टाकायचा, विषय बदलायचा. काका जरा वेळ खुर्चीच्या कडेवर बसायचे आणि निघायचे.

गेल्या वर्षी, अठ्ठ्याण्णवच्या दिवाळीनंतर, ते शेवटचे आले. मंदारला हजीऱ्याच्या एका मोठ्या कारखान्यात नोकरी लागली होती. आठवड्याने तो सुरू होणार होता. काकांच्या डोळ्यांवर जाड चष्मा आला होता, बोटांना पुठ्ठ्याने चिरा पडल्या होत्या. त्यांनी डबा टेबलावर ठेवला आणि उभ्यानेच म्हणाले, “आज बोली टाकस, भाऊ. मन्हामुळे तुमनं मोठं काम बिघडनं. दरसाल मन खास मले.”

मंदार उठला. त्याने एकदा माझ्याकडे बघितले. मला वाटले, आता सांगेल. आता तरी सांगेल. त्याने काकांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, “जाऊ द्या काका. मी तुम्हाला केव्हाच माफ केलं.”

काकांचे डोळे भरून आले. त्यांनी हात जोडले. हलका झालेला माणूस चालतो तसे ते जिना उतरले, आणि ते मला बघवले नाही. पुढच्या आठवड्यात मंदार गेला, नवीन संगणक आला, आणि मला इथे वर टाकले.

मित्रांनो, यंत्रांची निगा राखा, असे सांगून मी थांबायला हवे. माझ्यावरची धूळ कोणी झटकली नाही तरी माझे काही अडत नाही. पण तुमच्या चुकीसाठी एखादा भला माणूस तुमच्यापुढे मान खाली घालून उभा राहिला, तर कृपा करून त्याला माफ करू नका. त्याला खरे काय ते सांगा.